कोपऱ्यातील छिद्र

शके १९४६, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, म्हणजे इंग्रजी तारीख ८ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेदहा वाजता, कर्जतलगतच्या दहिवली येथे एका मंगल कार्यालयात कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील सतरा भजनी मंडळांची सभा भरली. सभेपुढे विषय एकच होता. सर्व मंडळांनी मिळून एकाच घडणीची सूरडबी घ्यावयाची. ती कोणाची घ्यावी?

सूरडबी म्हणजे हातात मावेल एवढा विजेवरचा तंबोरा. भजनाला बसण्यापूर्वी तिची कळ दाबायची, पट्टी लावायची आणि ती मांडीशेजारी ठेवून द्यायची. मग गजर संपेपर्यंत ती षड्ज-पंचम धरून राहते. पूर्वीच्या वीतभर जाडीच्या यंत्रांना भिंतीतली वीज लागे, आणि त्यांची गोल पिन वर्षभरात हटकून ढिली होई. वीज गेली की ऐन रंगात सूर नाहीसा होई आणि टाळकरी आपापल्या पट्टीने चार दिशांना पांगत. ही अडचण ज्याने प्रथम दूर केली, ज्याने त्या यंत्राच्या पोटात लिथियमचा सेल घातला आणि फोनचा चपटा टाइप-सी चार्जर त्याला चालेल अशी सोय केली, तो मनुष्य तिसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसला होता. त्याचे नाव सहदेव.

त्याच्या पिशवीत एक सूरडबी, एक दोऱ्याचे रीळ आणि लाल कागदांचे एक जुने पुस्तक होते. डबी सभेसाठी होती. उरलेल्या दोन वस्तू धनेशसाठी होत्या.

सहदेव छत्तीस वर्षे भिवपुरीच्या वीजगृहात नोकरीला होता आणि निवृत्तीनंतरही तेथील एक शिस्त त्याने सोडली नव्हती. दुरुस्तीसाठी एखादे यंत्र बंद केले की त्याच्या कळीवर लाल चिठ्ठी बांधावयाची. चिठ्ठीवर बांधणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण. तिची जोडचिठ्ठी पुस्तकात राही. आणि जी चिठ्ठी ज्याने बांधली, ती त्यानेच सोडावयाची. साहेबाचाही हात तिला लागत नसे. कारण त्या चिठ्ठीच्या पलीकडे, तारांत दोन्ही हात घालून, कोणीतरी उभा असतो. हे एवढे ज्याला समजले नाही त्याला वीजगृहाच्या आवारात पाऊल टाकू देऊ नये, असे सहदेवचे ठाम मत होते. आणि सहदेवची सर्वच मते ठाम होती.

घरामागच्या खोलीत तो हौसेखातर सर्किटे जुळवी. हाती घेतलेले काम अपुरे असेल, तर त्या बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तो एक बारीक छिद्र पाडी, त्यातून दोरा ओवी आणि लाल चिठ्ठी बांधी. त्या छिद्राचा विजेशी काडीचा संबंध नसे. ते केवळ दोऱ्यासाठी असे.

धनेश त्याचा शिष्य. खोपोलीनजीकच्या एका शेतकरी घरातला, शिळफाट्यावर मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा, पस्तिशीचा, हाताने चलाख आणि जिभेने त्याहून चलाख. तो दीड वर्ष दर रविवारी भिवपुरीला येई. डाख कसा द्यावा, बोर्ड कसा आखावा, सेलला वीज किती आणि कोठवर द्यावी, हे सर्व सहदेवने त्याला बोट धरून शिकवले. दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये सहदेवच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. तीन आठवडे डोळ्यांवर ताण द्यावयाचा नव्हता, आणि पावसाळी हवेची ओल सामानाला लागू नये म्हणून खोलीत रोज तासभर मोठा बल्ब लावून ठेवणे तर भाग होते. खोलीची किल्ली धनेशकडे गेली. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या आठवड्यात धनेशने किल्ली परत आणून दिली, पाया पडला, आणि पुढे कधी आला नाही.

त्यानंतर सव्वा वर्षाने, गणपतीत, एका मांडवात सहदेवने स्वतःचा सूर ऐकला.

तो त्याचाच होता यात शंका नव्हती. जोडीच्या दोन तारांपैकी एक त्याने मुद्दाम केसभर उतरती ठेवली होती, म्हणजे दोन सुरांच्या मध्ये एक मंद लाट उठते. ही लाट त्याने चार महिने कान देऊन साधली होती. त्याने मांडवातल्या मंडळींकडून ती डबी पाहावयास मागून घेतली आणि तळाचे स्क्रू सोडले. आत कारखान्यातून छापून आलेला सुबक हिरवा बोर्ड होता. त्यावर मोठ्या अक्षरांत धनेशच्या दुकानाचे नाव होते. आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र होते; कारखान्याने त्याच्याभोवती तांब्याचे कडेही घातले होते.

सहदेव त्या छिद्राकडे पाहून हसला. मांडवातल्या लोकांना वाटले, म्हाताऱ्याला सूर आवडला.

चिठ्ठी तोडून चोराने बोर्डाची नक्कल उचलली होती (तुटलेला दोरा पाहून सहदेवने तेव्हा उंदरांना दोष दिला होता), आणि चिठ्ठीचे भोक तेवढे इमानाने उतरवून घेतले होते. ते कोणत्या बोर्डाचे आहे हेही सहदेवने तत्क्षणी ओळखले. चिठ्ठी क्रमांक दोनशे बारा. त्या बोर्डात दोन दोष होते.

पहिला दोष पिनेचा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीचे नवे चार्जर मोठे संशयी असतात. समोरच्या यंत्राने आपली ओळख पटविल्याखेरीज ते वीज सोडत नाहीत. आणि ती ओळख म्हणजे पिनेच्या दोन ठरावीक पायांना लावावयाचे दोन किरकोळ रेझिस्टर. जुन्या वायरी, ज्यांचे चार्जरकडील टोक रुंद असते, त्यांना या ओळखपाळखीची गरज नसते. त्या जोडताच वीज देतात. त्या बोर्डावर हे दोन रेझिस्टर बसवायचे राहिले होते.

दुसरा दोष सेलचा, आणि तो हसण्यासारखा नव्हता. सेलमध्ये किती प्रवाह शिरावा हे चार्जिंगच्या चिपजवळचा एक रेझिस्टर ठरवतो. सहदेवने तो मोठ्या गोल सेलच्या हिशेबाने बसवला होता; परंतु तो सेल हाती यायचा होता, म्हणून आकार जमतो का एवढेच पाहण्यासाठी एका खेळण्यातला लहान चपटा सेल जोडून ठेवला होता. त्या चिमुकल्या सेलला तेवढा प्रवाह दिला तर तो तापणार, महिना-दोन महिन्यांत फुगणार, आणि कधीतरी पेटही घेणार. धनेशने रेझिस्टर तोच ठेवला होता आणि सेलही त्याच मापाचा घातला होता.

दुसऱ्याच दिवशी सहदेव शिळफाट्यावर गेला. दुकानात चार गिऱ्हाइके उभी होती.

"या, या मास्तर!" धनेश खुर्ची पुढे सरकवीत म्हणाला. "डोळा कसा हाय आता? दिसतंय ना समदं?"

"दिसतंय. तेच सांगायला आलो. हा बोर्ड माझा आहे."

धनेशने बोर्ड हातात घेऊन उलटसुलट केला आणि गिऱ्हाइकांकडे पाहून डोळे मिचकावले. "नाव तर माझं हाय वर. वाचता येतंय का चष्मा देऊ?"

"दीड वर्ष दर रविवारी माझ्या खोलीत बसत होतास."

"बसत होतो ना. म्हाताऱ्या माणसाला तेवढीच सोबत." मग त्याने आवाज खाली आणल्याचे सोंग केले, पण एवढेच की रस्त्यापर्यंत ऐकू जावे. "मास्तर, चारचौघांत बोलू नये, पण टाइप-सी म्हंजी काय ते तुमाला मीच दाखवलं. तुमी आपले गोल पिनवाले! मी शिकवलं, तुमी शिकलात. त्यात लाज कसली?"

गिऱ्हाइके हसली. सहदेवच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चोरी त्याने कदाचित सहन केली असती. वीजगृहात त्याने चोर पाहिले होते. परंतु ज्याच्या हातात आपण सोल्डरिंग आयर्न दिले त्याने आपल्यालाच विद्यार्थी ठरवावे, आणि तेही हसत, हे त्याच्या हाडापर्यंत गेले.

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडले, आणि तेवढ्यात त्याची नजर काउंटरवर लोंबणाऱ्या वायरींच्या झुपक्याकडे गेली. पंधरा-वीस वायरी होत्या. एकूणएक रुंद टोकाच्या.

"डब्या याच वायरींनी तपासतोस?" त्याने विचारले.

"मग? तुमच्या वीजगृहाच्या तारांनी तपासू?"

"नाही. सहज विचारलं."

याला काही ठाऊक नाही, हे सहदेवला कळून चुकले. याच्या दुकानात रुंद तोंडाचे जुने चार्जर बादलीभर पडले होते, याची गिऱ्हाइकेही तसलेच चार्जर वापरणारी, आणि त्यामुळे याची प्रत्येक डबी येथे उत्तम चालत होती. सांगितले तर हा आज संध्याकाळी दोन रेझिस्टर लावील, आठवड्याभरात नवा बोर्ड छापील, आणि छिद्रही बुजवील. सहदेवने छत्री उचलली आणि दुकानाची पायरी उतरला. चार गिऱ्हाइकांसमोर मिळालेला अपमान चार गिऱ्हाइकांसमोर फेडावा, एवढा तो उदार नव्हता. त्याला सतरा गावे हवी होती.

ती सतरा गावे आपोआप चालून आली. भजनी मंडळांनी एकच सूरडबी ठरविण्याचा ठराव केला, आणि त्या वर्षी मंडळांच्या अध्यक्षपदी होत्या चंद्राबाई, सहदेवची थोरली बहीण. खालापूरकडे दिलेली, वयाने सत्तरीची, महिला मंडळाची मुख्य गायिका, आणि न्यायाच्या बाबतीत भावासारखीच हट्टी. म्हणून तर तिने भावाला फोनवर स्पष्ट सांगितले होते, "सहदेवा, तुझी घेतली तर लोक म्हनतील भावाची घेतली. मी धनेशची एक डबी घरी आनलीय वापरून बघायला. रिया रोज सकाळी तिच्यावर गाते. चांगली वाजली तर तीच घेऊ. तू वाईट वाटून घेऊ नको."

सहदेवने वाईट वाटून घेतले. तीन पानी पत्र लिहून त्याने सभेला एक विनंती केली, की दोन्ही डब्यांची परीक्षा सर्वांदेखत व्हावी, आणि सभागृहातील कोणत्याही तीन व्यक्तींच्या खिशातले चार्जर त्यासाठी वापरावेत. धनेशने ही अट वाचून म्हणे मांडीवर थाप मारली : "तीन कशाला, तीस आना!"

मध्ये भाऊबीज आली.

तीन नोव्हेंबरच्या सकाळी सहदेव बहिणीकडे गेला. पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी होती. चंद्राबाई आत निरांजन पेटवीत असता रिया, तिची अकरा वर्षांची नात, उड्या मारीत आली आणि त्याचा हात धरून त्याला आपल्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"आजोबा, माझी डबी बघा! सकाळ होईस्तो उशाशी चार्जिंगला ठेवते मी. उठले की भरलेली."

गोधडीच्या घडीवर, उशीला टेकून, धनेशची डबी पडली होती. जुन्या चार्जरची वायर तिला लावलेली होती आणि तिचा तांबडा दिवा जळत होता. सहदेवने उलटा हात तिच्या पाठीला लावला. तापलेल्या वस्तूला तळहात लावू नये, उलटा हात लावावा, हेही वीजगृहातच शिकलेले. डबी तव्यावरून उतरवलेल्या भाकरीइतकी गरम होती. झाकणाची एक बाजू नखभर वर आली होती.

त्याने हात मागे घेतला.

"गरम लागते, नाय?" रिया म्हणाली. "थंडीत बरी वाटते."

सभेला पाच आठवडे होते. आज बोलावे, तर चंद्राबाई संध्याकाळपर्यंत धनेशला फोन करणार. धनेश येऊन गोड बोलून डबी बदलून नेणार. आणि दहिवलीच्या सभेत धनेश पुन्हा हसत उभा राहणार. सहदेवने वायर तेवढी काढली. "भरली आहे," तो म्हणाला. "आता राहू दे." एवढे केले म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे त्याने स्वतःला बजावले, आणि तो पाटावर जाऊन बसला.

चंद्राबाईने त्याला ओवाळले. "शंभर वर्षं जग रं," ती म्हणाली. त्याने करंज्या खाल्ल्या. जाताना मागे वळून पाहिले, तर रिया डबी पुन्हा लावीत होती.

आणि आता सभा भरली होती. सहदेव सर्वांआधी येऊन गेला होता. व्यासपीठावरच्या टेबलाशेजारी त्याने वाळूने भरलेली एक बादली आणून ठेवली होती. ती कशासाठी हे कोणाला कळले नाही. पखवाजवाले गोमाबुवा आले, त्यांनी बादली पाहिली, आणि तीत चार उदबत्त्या खोचून मोकळे झाले.

टेबलावर दोन डब्या मांडण्यात आल्या. सहदेवची सागवानी, आणि तिच्याशेजारी चंद्राबाईंच्या घरून आलेली धनेशची. दुसरीला दोन रबर लावलेले होते. झाकण बसत नव्हते म्हणून रियाने लावले होते, असे चंद्राबाईंनी सांगितले. सहदेवने ते रबर पाहिले आणि त्याच्या अंगातून एक ऊब गेली. ती समाधानाची होती.

पहिला चार्जर गोमाबुवांचा निघाला, काळा, टेप गुंडाळलेला, रुंद तोंडाचा. दोन्ही डब्यांचे दिवे लागले. धनेशने रांगांकडे पाहून हात जोडले.

दुसरा चार्जर सुरभीचा. ती महिला मंडळातली नवी सून. फोनही नवा आणि चार्जरही नवा, दोन्ही टोकांनी चपटा. सहदेवच्या डबीचा दिवा लागला. मग तीच वायर धनेशच्या डबीला लावली. काही झाले नाही. उलटी करून लावली. काही झाले नाही.

"वायर लूज हाय," धनेश म्हणाला.

"अवो, याच वायरीनं आत्ता त्यांची लागली की," सुरभी म्हणाली. "आणि माझा फोन सकाळी यानंच भरलाय."

तिसरा चार्जरही नव्या घडणीचा निघाला. सहदेवच्या डबीचा दिवा लागला, धनेशची काळीठिक्कर.

"धनेश," गोमाबुवा मागून म्हणाले, "तुझी डबी उपासाला बसली का रं? कुनाच्या हातचं खाईना!"

सभागृह खदखदले. सहदेव उठला. पाच आठवडे, नव्हे तीन महिने, ज्या क्षणासाठी त्याने जीभ दाताखाली धरली होती तो क्षण आला होता, आणि त्याने तो घाईने गिळला नाही. रबर काढले, तळाचे स्क्रू एकेक करून सोडले, स्क्रू एका वाटीत ठेवले. मग बोर्ड वर उचलून धरला.

"धनेश, हा बोर्ड तू स्वतः आखलास?"

"मीच."

"या कोपऱ्यात हे छिद्र कशाला आहे?"

"स्क्रूला."

"स्क्रू चार आहेत, चारही वाटीत आहेत. त्यांची भोकं वेगळी. हे पाचवं."

धनेशने ओठांवरून जीभ फिरविली. "हवा खेळायला."

"हवा!" गोमाबुवांना राहवले नाही. "म्हंजी डबीला बी दम लागतो?"

या खेपेस हशा थांबता थांबेना. सहदेवने तो पूर्ण ओसरू दिला. मग त्याने लाल पुस्तक काढले, दोनशे बारावे पान उघडले आणि ते पहिल्या रांगेतून फिरविले. पानावर त्याच्या हस्ताक्षरात तारीख होती, अकरा जून दोन हजार तेवीस. खाली बोर्डाची आकृती होती, आणि छिद्राचे कोपऱ्यापासूनचे अंतर मिलिमीटरांत लिहिलेले होते. सुरभीने पट्टीने मोजले. जमले. तेव्हा सहदेवने रीळ काढले, ते पान पुस्तकातून सोडवून घेतले, आणि धनेशच्या हिरव्या बोर्डाच्या छिद्रातून दोरा ओवून त्याला ते बांधले. दोरा असा सरळ गेला, जणू छिद्र त्याचीच वाट पाहत होते.

"ही माझी चिठ्ठी," तो म्हणाला. "बोर्डावरची हिची जोडी या माणसाने माझ्या खोलीत तोडली, मी डोळ्यावर पट्टी बांधून पडलो असताना. आणि तोडताना वाचलीसुद्धा नाही. मी वाचतो."

येथेच थांबता आले असते. पहिला दोष वाचला असता तरी धनेश संपला होता. तो खाली मान घालून उभा होता, आणि शिळफाट्यावर ज्याने सहदेवला विद्यार्थी म्हटले होते तो मनुष्य आता सतरा गावांच्या देखत विद्यार्थीही उरला नव्हता. परंतु कागद अर्धा वाचणे सहदेवला लबाडी वाटे. आणि शिवाय, खरे सांगावयाचे तर, त्याची भूक अजून भागली नव्हती.

"एक," त्याने वाचले, "पिनेचे दोन रेझिस्टर बसवावयाचे राहिले आहेत, नव्या चार्जरवर चालणार नाही. दोन, सेल लहान आहे, प्रवाह मोठा आहे. सेल तापेल, फुगेल, पेट घेऊ शकेल. हा बोर्ड कोणीही, कोणत्याही कारणाने, चार्जिंगला लावू नये. सही, सहदेव."

त्याने बोर्डाखालचा सेल उलटा करून दाखविला. तो टम्म फुगला होता, चंदेरी कातडे ताणलेले. दोन्ही तारा कापून त्याने तो अलगद वाळूत ठेवला आणि वर वाळू ओढली. गोमाबुवांच्या उदबत्त्या कलंडल्या. कोणी हसले नाही.

धनेशने मान वर केली. चोर असला तरी तो मूर्ख नव्हता. "म्हंजी यांना ठाव होतं," तो हळू म्हणाला. "मास्तरांना पयल्यापास्नं ठाव होतं."

"हा मुद्दा विषयाला सोडून आहे," सहदेव म्हणाला.

"नाय," चंद्राबाई म्हणाल्या.

त्या अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठल्या, टेबलापाशी आल्या आणि बादलीकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढविला नाही.

"सहदेवा, भाऊबीजेला तू रियाच्या डबीला हात लावला होतास. उलटा हात. मी दारातून बघितलं. तवा कळलं होतं तुला?"

असत्य बोलणे त्याच्या शिस्तीत नव्हते. "कळलं होतं."

"तिच्या उशाशी असते, ते बी सांगितलं होतं तिनं?"

"सांगितलं होतं. मी वायर काढली होती." त्याचा स्वर वादाचा झाला. "बाय, चूक याची आहे. चिठ्ठी मी बांधली होती. ती ज्यानं तोडली, जबाबदारी त्याची. वीजगृहात..."

"माझ्या घरातल्या डबीला चिठ्ठी होती?"

"नव्हती."

"तू बांधलीस?"

दोऱ्याचे रीळ सहदेवच्या हातात होते. ते पाच आठवड्यांपूर्वीही त्याच्याच घरी होते.

"हितं सभेला वाळूची बादली आनलीस," चंद्राबाई म्हणाल्या, "आनि माझ्या घरी करंज्या खाऊन गेलास."

धनेश हळूच मागे सरकू लागला, तेव्हा चंद्राबाईंनी मान न वळविता त्याला सांगितले, "तू थांब. गावोगाव जितक्या दिल्यास तितक्या आजच्या आज गोळा करून आनायच्या. गोमाबुवा संगं येतील." मग त्या सभेकडे वळल्या. सहदेवला एक क्षणभर अजूनही वाटत होते की आता आपले नाव उच्चारले जाईल. डबीच्या पाठीवर ते कोठे कोरावे, कोणत्या अक्षरांत, हेही त्याने मनात ठरवून ठेवले होते. त्याची मान ताठच होती.

चंद्राबाईंनी सागवानी डबी उचलली, कळ दाबली. ती मंद लाट सभागृहात उठली आणि भिंतींना लागून परत आली. त्यांनी ती थोडा वेळ ऐकली, मग बंद केली.

"डबी सहदेवची चांगली हाय, तीच घ्यायची," त्या म्हणाल्या. "तिच्यावर नाव कुनाचंच घालायचं नाय."